किंमत कमी ठेवली की माल खपतो का? गिऱ्हाईक किमतीत काय वाचतं ते समजून घ्या

मागच्या व्हिडिओत आपण खर्च आणि मार्जिन कसं काढायचं ते पाहिलं. पण खर्च काढून झाला की खरा पेच पुढे येतो, पाटीवर आकडा कोणता लिहायचा? नवीन धंदा काढणाऱ्या बहुतेकांचं उत्तर तयारच असतं. "सर, सुरुवातीला शेजारच्यापेक्षा दहा-वीस रुपयांनी कमी ठेवू. एकदा नाव झालं की वाढवू." ऐकायला बरोबर वाटतं. काही मालाच्या बाबतीत ते बरोबर आहेसुद्धा. पण काही मालाच्या बाबतीत हाच विचार चांगल्या वस्तूची पत घालवतो, आणि करणाऱ्याच्या हातात मजुरीही उरत नाही. कुठे काय लागू होतं, ते आज जरा सविस्तर बघू.

आमचं घाटनांदूरला भांड्यांचं दुकान आहे, म्हणून उदाहरण भांड्याचंच घेतो. समजा माझ्या फळीवर स्टीलचे दोन डबे आहेत. दोन्हीत दहा किलो ज्वारीचं पीठ मावतं, दोन्ही चकाचक. एकाची किंमत साडेचारशे, दुसऱ्याची आठशे. गिऱ्हाईक आलं की काय करतं? आधी डबा उचलून वजन बघतं. मग टिचकी मारून आवाज ऐकतं. जरा जाणकार असेल तर खिशातून चुंबक काढतं. चुंबक चिकटलं नाही की मान हलवून म्हणतं, "हां, हे असली हाय."

आता गंमत बघा. चांगलं समजलं जाणारं ३०४ नंबरचं स्टील म्हणजे त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. निकेल महाग असतं. म्हणून २०२ नंबरच्या स्टीलमध्ये निकेल कमी करून मँगेनीज वाढवतात. ते स्वस्त पडतं, आणि चुंबक त्यालाही चिकटत नाही! उलट ३०४ च्या भांड्याला कडेला, जिथे पत्रा जास्त दाबून वळवलेला असतो, तिथे कधीकधी चुंबक थोडं ओढ घेतं. म्हणजे ज्या परीक्षेवर गिऱ्हाईक एवढा भरवसा ठेवतं, ती परीक्षा या दोन डब्यांत फरक करूच शकत नाही. टिचकीच्या आवाजावरून आणि वजनावरून पत्रा जाड की पातळ एवढंच कळतं. धातू कोणता ते कळत नाही. लोणचं, मीठ, चिंच भरून वर्ष गेलं की मग डाग पडतात, तेव्हा कळतं. पण तेव्हा डबा घरात असतो आणि पैसे माझ्या गल्ल्यात.

मग दुकानात उभं असताना त्या माणसाच्या हाताशी काय उरलं? किंमत. साडेचारशेचा डबा हातात घेऊन तो विचारतो, "हा एवढा स्वस्त कसा काय?" आणि आठशेच्या डब्याकडे बघून म्हणतो, "ह्याच्यात काहीतरी असंल." मी अजून तोंडसुद्धा उघडलेलं नसतं. किंमतच माझ्या आधी बोललेली असते.

हा आजच्या लेखाचा मुद्दा आहे. वस्तूचा दर्जा गिऱ्हाइकाला स्वतः तपासता येत नाही तिथे ते किमतीवरून दर्जा ओळखायला जातं. जिथे तपासता येतो, तिथे किंमत त्याला फारसं शिकवू शकत नाही. तिथे तो फक्त कमी भाव बघतो.

तपासता येणाऱ्या मालाचं सगळ्यात मोठं उदाहरण निरमा. १९६९ साली अहमदाबादला करसनभाई पटेलांनी पावडर बनवून विकायला सुरुवात केली. सर्फच्या तुलनेत भाव जवळजवळ चौथ्या हिश्शात. एवढा स्वस्त माल बघून लोकांना शंका यायला हवी होती, आली पण असेल. पण कपडे धुण्याच्या पावडरीची परीक्षा किती सोपी आहे बघा. एक पुडी आणा, बादलीत टाका, शर्टाची कॉलर घासा. दुपारपर्यंत निकाल तुमच्या दोरीवर वाळत असतो. निकाल बरा आला, पैसे वाचले, पुन्हा तीच आणली. सर्फवाल्यांना मग ललिताजी आणाव्या लागल्या, स्वस्त आणि चांगलं यातला फरक लोकांना समजावून सांगायला. ती जाहिरात गाजली, तरीही त्या कंपनीला पुढे व्हील नावाची स्वस्त पावडर काढावीच लागली. कारण बादलीतली परीक्षा जाहिरातीला हरवते.

पार्ले-जीचंही तसंच. पाच रुपयांच्या पुड्यात काय आहे हे लहान पोराला पाठ आहे. तिथे किमतीने दर्जा सांगायची गरजच नाही, म्हणून कंपनी वर्षानुवर्षं पुड्याची किंमत सांभाळत आली आणि वजन कमी करत गेली. तुम्ही गूळ, कांदा, शेंगदाणा, बांधकामाची वाळू असल्या मालात उतरणार असाल तर भावाची लढाई लढावीच लागेल. तिथे माझा आजचा लेख तुमच्या फार कामाचा नाही.

पण आमच्याकडे प्रशिक्षणाला येणाऱ्या बऱ्याच ताई वेगळ्या मालात असतात. येसर, काळा मसाला, शेवया, पापड, शेंगदाणा चटणी. आता येसरच घ्या. मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, धान्य-डाळी भाजून, मसाले घालून दळलेलं पीठ. लग्नाकार्यात येसराची आमटी झाल्याशिवाय पंगत उठत नाही. पाकिटातल्या येसरात खोबरं चांगलं की खवट, मिरची कालची की गेल्या वर्षीची, भाजणी चुलीवर बसून केली की कशीतरी उरकली, हे बाहेरून काय दिसणार? पाकीट बंद आहे. म्हणजे हा माल डब्यासारखा आहे, निरम्यासारखा नाही. निदान पहिल्या खरेदीला तरी नाही. आणि नेमका याच मालात आपल्या बचत गटाच्या ताई सगळ्यात कमी भाव लावतात! का, तर "आम्ही काय कंपनी हाव का एवढे पैसे घ्यायला?"

वही-पेन घ्या आणि माझ्याबरोबर हिशोब करा. आकडे मी समजायला सोपे म्हणून घेतलेत, तुमचे तुम्ही टाका. एक किलो येसराला कच्चा माल २१० रुपये, भाजणं-दळणं ३०, पाकीट आणि लेबल ४०. एकूण २८०. यात ताईंची स्वतःची मजुरी धरलेलीच नाही, तीही बघा. विक्रीचा भाव ठेवला ४०० रुपये किलो, कारण बाजारात कुणीतरी तेवढ्याला देतं. दुकानदार २० टक्के घेतो, म्हणजे ८० गेले. हातात आले ३२०. खर्च २८० वजा केला की उरले ४०. चाळीस रुपयांत दोन बाया दिवसभर धुरात बसल्या.

आता भाव ४८० करा. दुकानदाराचे ९६ गेले, हातात ३८४, खर्च जाऊन उरले १०४. भाव वाढला २० टक्क्यांनी, आणि उरणारा पैसा अडीचपटीच्या वर गेला. अजून एक पायरी पुढे जा. भाव वाढवल्यामुळे निम्मं गिऱ्हाईक तुटलं असं धरू, दहा किलोऐवजी पाचच किलो गेलं. पहिल्या भावात दहा किलोवर ४०० उरत होते, आता पाच किलोवर ५२० उरतात. आणि कामही निम्मं झालं. भाव कमी करण्याची ही किंमत किती जणींनी कधी कागदावर मांडली असेल?

लगेच उद्या सकाळी जाऊन नवीन स्टिकर छापू नका. थांबा. किंमत वाढवली की गिऱ्हाइकाच्या मनात एकाच वेळी दोन गोष्टी होतात. "महाग आहे, म्हणजे चांगलं असेल" ही एक आणि "महाग आहे, म्हणजे माझ्या खिशातून जास्त जाणार" ही दुसरी. अमेरिकेतल्या व्हॅलरी झीथमल या प्राध्यापक बाईंनी १९८८ साली यावर एक लेख लिहिला. मार्केटिंग शिकणाऱ्यांना तो आजही अभ्यासाला असतो, आम्हालाही बीबीएला त्यातला विचार होता. लोकांशी बोलून त्यांनी दाखवलं की 'परवडलं' या शब्दाचा अर्थ माणसागणिक बदलतो. कुणाला कमी किंमत म्हणजे परवडलं. कुणाला हवी ती वस्तू मिळाली म्हणजे परवडलं. कुणी दिलेल्या पैशाला दर्जा कसा मिळाला ते बघतो. आणि कुणी पैसा, वेळ, हेलपाटे सगळं एका पारड्यात टाकून दुसऱ्या पारड्यात काय आलं ते बघतो. आपल्या गावातही हे चारही प्रकार रोज दुकानात येतात. सोयाबीनचे पैसे हातात आलेला माणूस आणि पेरणीच्या तोंडाशी आलेला तोच माणूस, हेसुद्धा दोन वेगळे गिऱ्हाईक असतात.

तर वाढीव किमतीला पुरावा लागतो. गिऱ्हाईक किमतीवर टेकतं ते दुसरा आधार नसतो म्हणून. तुम्ही दुसरा आधार दिलात तर ते आनंदाने घेईल, आणि तो आधार तुमच्या किमतीशी जुळला पाहिजे. आठशेच्या डब्याशेजारी मी दोन वाट्या ठेवतो, एक ३०४ ची, एक साध्या स्टीलची. दोन्हीला मीठ-लिंबू लावून ठेवून दिलेलं असतं. साध्या वाटीवर डाग दिसतात, दुसरी जवळजवळ तशीच असते. मग मला बडबड करावी लागत नाही. मावशी स्वतःच वाट्या हातात घेतात, नखाने खरवडून बघतात आणि सुनेला म्हणतात, "लोणच्याला हा घे, पिठाला तो चालतंय." बघा, दोन्ही डबे विकले गेले, आणि दोन्ही खरं सांगून. येसराच्या बाबतीत पुरावा म्हणजे दळल्याची तारीख ठळक छापणं, एफएसएसएआयचा नोंदणी क्रमांक, आणि सगळ्यात भारी म्हणजे दुकानात वाटीभर गरम आमटी चाखायला देणं. बंद पाकिटाचा माल तुम्ही त्या वाटीने उघडा करता.

किंमत माणसाच्या अनुभवातसुद्धा शिरते, हे पटत नसेल तर एक प्रयोग सांगतो. २००८ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात तो छापून आला. ८२ लोकांना मनगटावर विजेचे हलके झटके देऊन दुखणं मोजलं, मग एक गोळी दिली. निम्म्यांना सांगितलं, गोळी अडीच डॉलरची आहे. निम्म्यांना सांगितलं, तिची किंमत उतरवून दहा सेंट केलीय. गोळी दोघांनाही एकच, आणि तिच्यात औषधच नव्हतं. महागवाल्यांपैकी १०० तल्या ८५ जणांनी दुखणं कमी झालं म्हणून सांगितलं, स्वस्तवाल्यांपैकी ६१ जणांनी. लोक खोटं बोलत नव्हते. किंमत ऐकून त्यांची अपेक्षा बदलली आणि अपेक्षेने अनुभव बदलला. यातून गिऱ्हाइकाला फसवायचा धडा घेऊ नका. मी यातून एवढंच घेतो की "घ्या हो, स्वस्तातलं आहे" म्हणून हातात दिलेली चांगली चटणीसुद्धा जिभेवर थोडी कमी लागते. तुमचा माल तुम्हीच खाली पाडू नका.

आता एक वेगळा कोपरा. आहेराची भांडी. लग्नसराईत गिऱ्हाईक वस्तूचं नाव घेत नाही, आकडा सांगतं. "पाचशेच्या आत काहीतरी दाखवा." तुम्ही तीनशेची छान परात दाखवली तर बाजूला सारतात. परातीत खोट नसते. पण तीनशेची दिली असं मांडवात कळलं तर? इथे किंमत वस्तूबद्दल कमी आणि देणाऱ्याबद्दल जास्त बोलते.

टाटांच्या नॅनोचं काय झालं ते यावरून समजतं. पुण्यातल्या इंजिनिअरांनी घाम गाळून तयार केलेली गाडी. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा दाखवली, तेव्हा जगभर एकच चर्चा, लाख रुपयांत कार! मोटारसायकलवर चौघं बसवून नेणाऱ्या कुटुंबाला चार चाकं मिळावीत हा हेतू. २००९ ला विक्री सुरू झाली. साणंदचा कारखाना वर्षाला अडीच लाख गाड्या काढू शकत होता, पण सगळ्यात चांगल्या वर्षातसुद्धा विक्री पाऊण लाखाच्या आतच राहिली, आणि २०१८ मध्ये गाडी बंदच पडली. कारणं अनेक होती. सिंगूरहून कारखाना हलवावा लागला, वेळ गेला, काही गाड्यांना आग लागल्याच्या बातम्या आल्या. पण खुद्द रतन टाटांनी नंतर बोलून दाखवलं की 'सगळ्यात स्वस्त गाडी' ही तिची ओळख झाली ते वाईट झालं. दारात उभी राहणारी गाडी शेजारी बघतो, पाहुणा बघतो, मुलगी द्यायला आलेला सोयरा बघतो. आयुष्यातली पहिली कार घेणाऱ्याला "ह्यांनी देशातली सगळ्यात स्वस्त घेतली" हे ऐकायचं नव्हतं. गाडीचं सीट, मायलेज, जागा यावर चर्चाच झाली नाही, किंमतच पुढे उभी राहिली. तुमच्या पाटीवर सगळ्यात मोठं अक्षर 'स्वस्त' असेल तर हा किस्सा लक्षात ठेवा, खास करून तुमची वस्तू चारचौघांत दिसणारी असेल तर.

उलट टोक हापूसचं. देवगड-रत्नागिरीच्या आंब्याला चढा भाव मिळतो, आणि पेटीचा भावच लोकांना खरेपणाची खूण वाटतो. मग दुसरीकडचा आंबा त्याच पेटीत, त्याच भावात बसायला लागतो. भाव चढा असूनही आंबा खोटा. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यानंतरही देवगडच्या बागायतदारांच्या सहकारी संस्थेला आंब्यावर सांकेतिक क्रमांकाचं स्टिकर लावायची व्यवस्था करावी लागली. म्हणजे किंमत ही खूण कुणीही चोरू शकतं. आपल्या बीडच्या सीताफळालाही २०१६ पासून मानांकन आहे. बालाघाटच्या डोंगरातलं, गराला गोड. पण रस्त्याच्या कडेला टोपलीत लहान-मोठं, पिकलेलं-कच्चं एकत्र घालून विकलं की गाडीतून उतरलेला माणूस टोपलीचा भाव अर्ध्यावर पाडतो, कारण त्याच्या डोळ्यापुढे डोंगरात फुकट लागलेलं फळ एवढंच असतं. तीच फळं आकारानुसार निवडून, खोक्यात कागद घालून, 'बीड सीताफळ' नाव आणि तोडल्याची तारीख लिहून ठेवली तर घासाघीस कुठून सुरू होते ते करून बघा.

शेवटी घासाघिशीचंच बोलू, कारण गावात त्यातून सुटका नाही. कुकरवर छापील एमआरपी असते, त्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि लोकांनाही माहीत आहे की ती मुद्दाम चढी छापतात. सुट्या भांड्यांचं तसं नाही. तिथे तुम्ही सातशे सांगितले, गिऱ्हाइकाने साडेतीनशे म्हटलं, आणि तुम्ही "घ्या, बोहनीची वेळ आहे" म्हणून चारशेला दिलं, तर काय झालं? भांडं गेलं, पण त्या माणसाला कळलं की तुमच्या दुकानात सातशे म्हणजे चारशे. पुढच्या वेळी आठशेचा डबा बघून तो "ह्याच्यात काहीतरी असंल" म्हणणार नाही. तो मनात निम्मे करेल. तुमची किंमत बोलायची बंद झाली. अंबाजोगाई, परळी, लातूरला जाऊन चार दुकानं बघून येणारं गिऱ्हाईक आहे हे, तुमच्या शब्दाची पारख त्याला आहे.

म्हणून भाव कमी करायचा तर कारण सांगून करा, आणि कारण खरं असू द्या. पाच नग घेतले म्हणून एवढे कमी. रोख दिले, उधारी नाही, म्हणून एवढे कमी. डब्याला कडेला पोचा आहे, हा बघा, म्हणून एवढे कमी. कारण नसेल तर रुपये कमी करू नका, वर काहीतरी द्या. मी डब्यावर चाळणी देतो, परातीवर उलथनं देतो. मावशींना रिकाम्या हाती परतल्यासारखं वाटत नाही, आणि डब्याचे आठशे आठशेच राहतात.